पांढरीवरचा ऊस

वाबळे बाईंना कुणी चहा दिला, की पिऊन झाल्यावर त्या कप पालथा करून त्याचं बूड बघायच्या. मग बशीचं. चष्मा कपाळावर सरकवून, सावकाश, यजमानांच्या डोळ्यांदेखत हे चालायचं. राहात्याजवळच्या आमच्या घरी त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा मी नगरच्या कॉलेजात इतिहास शिकत होते आणि त्या मला शिकवत होत्या. एवढ्या मोठ्या बाई दारात आल्या म्हणून आईनं ठेवणीतले कप काढले होते. बाईंनी बूड तपासलं आणि आईचं तोंड उतरलं. बाई गेल्यावर ती मला म्हणाली, "कप घासल्याला हुता म्हनावं तिला. असली कसली गं तुझी मास्तरीण? आपल्या घरचं पिती आन् बुडाकडं बघती."

पुढे कधीतरी धीर करून मी बाईंना विचारलंच. त्यांना राग आला नाही. त्या म्हणाल्या, "वस्तू खोटं बोलते ती वरच्या अंगानं. तळ कुणी रंगवत बसत नाही." जन्मभर जुनी खापरं हाताळल्यामुळे ही खोड त्यांच्या हाताला लागली होती. खापराच्या तळावरून ते चाकावर घडवलंय की हातानं, हे कळतं म्हणे. पण बाईंचा संशय खापरांवर थांबत नसे. एकदा प्राचार्यांनी सगळ्यांसमोर त्यांचं तोंड भरून कौतुक केलं, तेव्हा त्यांनी तिथल्या तिथे विचारलं, "कोणतं जादा काम द्यायचंय, ते सांगा." काम निघालंच. मी स्वतः संशयी घराण्यातली. आमच्याकडे पाहुणा मुक्कामाला राहतो म्हणाला की आई आधी त्याचा हेतू शोधायची. त्यामुळे बाईंचं आणि माझं जमलं यात नवल नाही.

लोकांचाही बाईंवर संशय होताच. लग्न न केलेली बाई, अंगात सुती साडी, मनगटावर पुरुषी घड्याळ, खांद्याच्या कापडी पिशवीत खुरपं, आणि उन्हातान्हात नदीकाठची टेकाडं हिंडते म्हटल्यावर गावानं काय समजावं? बहुतेक गावांनी ती गुप्तधन शोधते असंच ठरवून टाकलं होतं. प्रवरेच्या काठानं अशी टेकाडं बरीच आहेत. शेतकरी त्यांना 'पांढरी' म्हणतात. जुनं गाव उठून गेलं, त्याच्या भिंती ढासळल्या, त्यांची माती पांढुरकी पडली, म्हणून ती पांढरी. त्यातली काही गावं तीन-चार हजार वर्षांपूर्वीची. तिथे राजा नव्हता, किल्ला नव्हता. मातीची घरं होती, घराच्या जमिनीखाली मडक्यांत पुरलेली लहान लेकरं होती, आणि बोटभर उंचीच्या मातीच्या बायका होत्या. त्यांतल्या कितीतरींना डोकंच नव्हतं.

या बायकांवरून बाईंनी आपलं मत बांधलं. त्या काळी आपल्याकडे या विषयावर लिहायला फारसं कुणी धजावत नव्हतं. बाईंनी लिहिलं, आणि मराठीत लिहिलं. त्यांचं म्हणणं असं, की नांगर आणि राजा यायच्या आधी या काठावर आईचं राज्य होतं. "घर आईचं, लेकरू आईचं, आणि बाप पाहुणा," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मेलेलं मूल घराबाहेर न नेता आईच्या घरातच पुरायचे, कारण ते तिचंच होतं. ओढ्याकाठच्या साती आसरांना, म्हणजे पाण्यातल्या देवतांना, नवरे नाहीत, त्या नुसत्या बहिणी-बहिणी आहेत, हीदेखील त्याच राज्याची खूण. आणि लग्नात नवरीच्या पाठीशी बाप उभा न राहता मामा उभा राहतो, तो मामा म्हणजे त्या राज्याचा उरलेला शेवटचा शिपाई. पुण्याकडच्या विद्वानांनी पुस्तक वाचलं की नाही कोण जाणे, पण हसून मात्र घेतलं.

हा शेवटचा शिपाई बघायला बाई अनोळखी लग्नांना जायच्या. "लग्नाला आमंत्रण लागत नाही, अक्षता लागतात," असं म्हणायच्या. मी शाळेत नोकरीला लागल्यावर एकदा त्यांच्याबरोबर काष्टीच्या एका लग्नाला गेले होते. मांडवाच्या तोंडाशी पिशवी सावरत उभं राहून बाईंनी एका म्हाताऱ्याला विचारायला सुरुवात केली. नवरीची आई कोणत्या गावची, नवरी जन्मली कुठं, इथं की आजोळी, आणि मामा आलाय का? त्यांना आईकडचं नातं हवं होतं. म्हाताऱ्याला वेगळंच ऐकू आलं. आदल्या वर्षी शेजारच्या गावात अल्पवयीन मुलीचं लग्न सरकारी माणसांनी येऊन बंद पाडलं होतं. जन्म कुठं झाला असं विचारणारी, चष्मा आणि पिशवीवाली बाई दुसरी कोण असणार? म्हातारा उठून आत गेला. लाऊडस्पीकर बंद झाला. आम्हाला पुढच्या गादीच्या खुर्च्यांवर बसवण्यात आलं, समोर जिलेबी आली, आणि फेटा बांधलेल्या एका गृहस्थांनी, कुणी मागितला नसताना, नवरीचा शाळेचा दाखला बाईंच्या हातात दिला.

दुसऱ्या कुणी हसून गैरसमज दूर केला असता. बाईंनी चष्मा वर सरकवला आणि दाखला उलटा करून मागचा शिक्का तपासला. मला हळूच म्हणाल्या, "न मागता दिलेला पुरावा आधी तपासावा." दाखला अस्सल होता, मुलगी चांगली एकोणीस वर्षांची होती. पण एव्हाना मामा मोटारसायकलवरून पसार झाला होता. त्यानं आपली स्वतःची पोरगी कोवळ्या वयात उजवली होती, असं नंतर कळलं. मुहूर्त टळला. नवरी मुंडावळ्या बांधून बसून राहिली, आणि बाई कोण आहेत हे सगळ्यांना पटवून मामाला माघारी आणेपर्यंत ऊन कलंडलं. एस.टी.त बाईंनी तिकिटं काढून पिशवीत ठेवली. मग म्हणाल्या, "चार हजार वर्षं टिकलेला शिपाई माझ्या पिशवीला भिऊन पळाला. यात काहीतरी गोम आहे." मी हसले. त्या हसल्या नाहीत.

पुढे दिवस पालटले आणि बाईंना मागणी आली. आठ मार्च जवळ आला की महिला मंडळांचे फोन सुरू व्हायचे. नगर, राहाता, श्रीगोंदा, कुठे कुठे त्यांची भाषणं झाली. प्रवराकाठच्या आईच्या राज्याबद्दल ऐकताना बायका डोळे पुसायच्या. मीही शाळेतल्या पोरींना तेच सांगायचे, आणि सांगताना माझी मान उंच व्हायची. बाई मात्र टाळ्या वाजू लागल्या की अस्वस्थ दिसायच्या. मी कारण विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं, की लोकांना हवं तेच आपण सांगत असलो, तर आपण कुठेतरी चुकलोय असं समजावं.

अशातच माझे वडील गेले. सातबाऱ्यावर आईचं, माझं आणि माझ्या धाकट्या भावाचं नाव लागलं. तो संपत. त्याला मी कडेवर घेऊन वाढवलंय. आमच्याकडे यापुढची रीत ठरलेली आहे. बहिणीनं हक्कसोड करायची, म्हणजे आपला वाटा भावाला लिहून द्यायचा. त्या दिवशी भाऊ गाडी घेऊन येतो, साडी आणतो, हॉटेलात जेवू घालतो, आणि बहीण राजीखुशीनं सही करते. जी करत नाही तिचं माहेर तुटतं. हे कुणी तोंडानं बोलत नाही आणि ठाऊक मात्र सगळ्यांना असतं. संपत फोनवर म्हणाला, "ताई, लई काय न्हाई, एक सही हाय. आर्ध्या तासाचं काम." आईनंही बजावलं, सही करून मोकळी हो.

मला जमिनीची नड नव्हती. नवऱ्याची आणि माझी दोघांची नोकरी, नगरला सावेडीत स्वतःचं घर. पण आमच्या पेरूच्या बागेतली पहिली रोपं लागली तेव्हा विहिरीवरून कळशी कळशी पाणी मी घातलं होतं. संपतचा तेव्हा जन्मही नव्हता. शिवाय बाग रस्त्यालगत आहे. शिर्डी जवळ, लॉजवाले विचारून जातात. भावाच्या घाईमागे काय आहे असा संशय मला आला आणि तो आल्याची लाजही वाटली. एकीकडे बाग, एकीकडे माहेर. मी निर्णय लांबवत राहिले, आणि दरवेळी बाईंच्या पुस्तकाच्या आड लपले. पूर्वी इथली सगळी जमीन बायांचीच होती, आमच्या बाईंनी ते सिद्ध केलंय, असं संपतला ऐकवायचे. तो हसायचा. "चार हजार वर्सांमागचा सातबारा हाय का तिच्यापाशी?"

बाईंना पंचाहत्तर वर्षं झाली तेव्हा नगरच्या एका सभागृहात सत्कार ठरला. शाल, श्रीफळ, पाच वक्ते. सगळ्यांनी बाईंना आईच्या राज्याच्या संशोधक म्हणून गौरवलं. शेवटी बाई उठल्या. हातातला हार त्यांनी खुर्चीवर ठेवला आणि सांगितलं, की पुस्तकातला मुख्य निष्कर्ष मी आज मागे घेते. मातीच्या मूर्ती खऱ्या आहेत, मडक्यांतली लेकरं खरी आहेत. त्यांवरून राज्य कुणाचं होतं हे मात्र कळत नाही, आणि मला ते कळलं असं मी लिहिलं ते चूक होतं. मग त्या म्हणाल्या, "आपल्या दर गावाला देवी आहे. उद्या चार हजार वर्षांनी कुणी ही गावं उकरली तर त्याला देव्याच देव्या सापडतील. तो लिहील, इथं बायकांचं राज्य होतं. खरं काय ते तुम्ही जाणता."

टाळ्या वाजवायच्या की नाही हे कुणाला कळेना. माझ्या शेजारच्या बाई पुटपुटल्या, "यांना कुणीतरी पढवलंय." खरं सांगायचं तर माझ्याही मनात तेच आलं होतं. बाईंचा भाचा राजकारणात धडपडत होता. त्यानं काही सांगितलं असेल का? का वयानं डोकं फिरलं? दुसऱ्या दिवशी स्थानिक पेपरात चौकट आली: आईचं राज्य नव्हतंच, ज्येष्ठ संशोधिकेची कबुली. आणि तिसऱ्या दिवशी संपत जांभळी पैठणी घेऊन माझ्या दारात हजर. पेपर घडी घालून खिशात होता. "आता तुज्या बाईनंच सांगितलं न्हवं?" तो मायेनं म्हणाला. "चल ताई, सोमवारी उरकून टाकू."

साडी तशीच खुर्चीवर ठेवून मी बाईंकडे गेले. तोफखान्याजवळ दोन खोल्यांत त्या राहत. मी बसलेसुद्धा नाही. तुम्ही आमच्या पायाखालची जमीन काढून घेतलीत, असं मी सरळ म्हणाले, आणि कुणाच्या सांगण्यावरून घेतलीत, भाच्याच्या का, ते विचारलं. बाई माझ्याकडे निरखून बघत राहिल्या. मग माझ्या संशयाचं त्यांनी कौतुक केलं. भाच्यानंच सांगितलं असेल हा तर्क वाईट नाही म्हणाल्या, फक्त त्याला हे पुस्तक मी लिहिलंय हेच माहीत नाही. मग त्यांनी मला संपतचं सगळं सांगायला लावलं. ऐकून झाल्यावर विचारलं, "सुमन, तुला वाटा हवाय की पुरावा?"

तेव्हा कुठे मी खुर्ची ओढून बसले.

"वाटा तुझा आहे, कारण तू त्या घरात जन्मलीस," त्या म्हणाल्या. "कायदाही तेच सांगतो. त्यासाठी चार हजार वर्षांमागच्या बायकांना साक्षीला कशाला बोलावतेस? त्यांचं राज्य असो वा नसो, तुझा पेरू तुझाच आहे."

आईचा एक जुना आरोप माझ्या मनात होता. पुस्तकात बायांचं राज्य लिहिणारीनं स्वतःच्या भावाला सगळं लिहून दिलं असणार, असं ती नेहमी म्हणायची. मी तो प्रश्न विचारला. बाईंनी नजर चुकवली नाही. "दिलं," म्हणाल्या. वडील गेले तेव्हा त्या एम.ए. करत होत्या. भाऊ म्हणाला, फी मी भरतो, तू सही कर. त्यानं शब्द पाळला, हे त्यांनी मला दोनदा बजावून सांगितलं. प्रवरेकाठच्या त्या शेतात एक पांढरीचं टेकाड होतं. लहानपणी तिथेच त्यांना बिनडोक्याची मातीची बाई सापडली होती आणि बाहुली म्हणून त्या तिच्याशी खेळल्या होत्या. शिक्षण संपवून, खणायची सगळी परवानगी घेऊन त्या गावी गेल्या, तर टेकाडच नव्हतं. भावानं ट्रॅक्टर लावून ते सपाट केलं होतं, पांढरी माती शेतभर पसरली होती आणि तिच्यावर ऊस उभा होता.

"ऊस चांगला आला होता," बाई म्हणाल्या, आणि मग इतक्या वर्षांत मी कधी ऐकली नव्हती ती त्यांच्या गावची बोली त्यांच्या तोंडात आली. "त्याला बोलनार काय? शेत त्याचं. म्याच दिल्तं. मंग जलमभर दुसऱ्यांच्या टेकाडावर हुडकत बसले. कुठंतरी, कवातरी, बाईचं घर बाईचं हुतं, एवढं मला दिसायला पायजे हुतं. म्हनून दिसलं."

त्या दिवशी त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. काष्टीच्या लग्नापासून ती त्यांच्या डोक्यात होती. मामाला लग्नात मान का, याचं नवं उत्तर त्यांना सापडलं होतं, पण ते ऐकायला कुठलंही महिला मंडळ त्यांना बोलावणार नव्हतं. "मामानं आईचा वाटा ठेवून घेतलेला असतो. मग तो जन्मभर फेडतो. भाऊबीज, साडी-चोळी, बाळंतपण, भाचीच्या पाठीशी उभं राहणं. ती माया खोटी नसते. पण तो हप्ता असतो." जाताना त्यांनी बजावलं, की हेही मी म्हणते म्हणून खरं धरू नकोस, आपल्या घरात तपासून बघ.

मी संपतला फोन करून सही करणार नाही म्हणून सांगितलं. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. "बरं," एवढंच म्हणाला. पैठणी माझ्या नवऱ्यानं परत पोचवली. त्यानंतर आईचा फोन येणं बंद झालं. मी केला तर वहिनी उचलायची आणि आई रानात गेलीय म्हणायची. आई गुडघ्यांमुळे रानात जात नाही हे मला माहीत होतं. माझं माहेर तुटलं होतं. मी शाळेत शिकवायचे, घरी यायचे, आणि आपण योग्य केलं याची खात्री असूनही मला रात्री झोप लागायची नाही. फक्त बाईंचा फोन यायचा. त्या धीर वगैरे देत नसत. आज कशावर संशय आला, एवढं विचारायच्या.

श्रावणात बाई गेल्या. हृदयाचा झटका, दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं होतं. अमरधामात मोजकी माणसं होती. सत्कारात बोललेल्या पाच जणांपैकी एकही दिसला नाही. एक उंच म्हातारा काठी टेकत मागे उभा होता. नाकावरून मी त्याला ओळखलं. तो बाईंचा भाऊ. मी बाईंची विद्यार्थिनी आहे हे कळल्यावर तो जवळ आला आणि बहीण आपल्याबद्दल काय बोलायची, असं त्यानं विचारलं. मी सांगितलं, तुम्ही फी भरलीत हे त्या नेहमी सांगायच्या. त्यानं माझ्या चेहऱ्याकडे रोखून बघितलं. त्याचा विश्वास बसला नाही हे मला स्पष्ट दिसलं. "आन् टेकाडाचं?" त्यानं विचारलं. मी चितेकडे बघू लागले. तो काठी टेकत फाटकाकडे निघून गेला.

दिवाळी आली. भाऊबीजेला संपत येणार नाही हे ठाऊक असूनही मी ओवाळणीचं ताट करून ठेवलं, आणि दुपारी ते उचलूनही ठेवलं. चारच्या सुमाराला दारात रिक्षा थांबली. आई एकटीच उतरली, राहात्याहून एस.टी.नं आलेली, हातात पेरूंची पिशवी. एकटी नगरला ती आजवर कधी आली नव्हती. मला वाटलं, संपतनंच पाठवलं असणार, सहीसाठी गळ घालायला. ती पाणी प्यायली, पाय चोळत इकडचं तिकडचं बोलली, आणि मी आपली तिचा हेतू शोधत बसले.

"संपत माझ्याम्होरंबी कागुद घिऊन आल्ता," ती शेवटी म्हणाली. "आई, तुझंबी नाव काढून टाकू म्हनला. म्या न्हाई म्हनलं. ऱ्हाऊ दे म्हनलं माझं नाव."

जिनं मला सही करून मोकळी हो म्हणून बजावलं होतं, तीच ही बाई. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. तिचा भाऊ, माझा मामा, आता ऐंशीच्या घरात आहे. माझ्या लग्नात तोच माझ्या पाठीशी उभा होता, आणि आईला त्याच्याकडून साडी आली नाही अशी एक दिवाळी मला आठवत नाही. आईनं त्याला कधी काळी काय लिहून दिलं, हे मी तिला कधीच विचारलं नव्हतं.

"सुमे," ती म्हणाली, "तुझ्या त्या बाईला एक इचारायचं हुतं. माझ्या भावाकडं मी आता वाटा मागितला तर चालंल का? का लई उशीर झाला?"

बाई आता नव्हत्या. मला त्यांची इतकी आठवण आली, की आईसमोरच मला रडू फुटलं. तिनं मला रडू दिलं, माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मग माझं रडणं थांबल्यावर तिनं पुन्हा विचारलं, "सांग की गं, उशीर झाला का?"